दहा महिन्यांचं बाळ सगळं फेकतं, त्याच्याशी नक्की खेळायचं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १० महिन्यांचा, घरात तुम्ही, नवरा आणि सासूबाई, तुमचं काम घरूनच चालतं. ठोकळे, रंगीत रिंगा, बटण दाबलं की गाणं म्हणणारं पुस्तक, असं बरंच काही मागवलंत आणि तो ते उचलून फेकतो, मग ओट्याखालच्या कपाटातली भांडी काढून बसतो. तुम्ही लिहिलंय की मला त्याच्याशी खेळताच येत नाही, १० मिनिटांत माझ्याकडचं सगळं संपतं, मग मी फोन लावून देते आणि रात्री त्याचंच वाईट वाटत राहतं. शेवटी दोन ओळींत जावेच्या मुलीच्या चालण्याशी तुलना, ए फॉर ॲपलचे व्हिडिओ दाखवायचे का आणि वॉकर घ्यायचा का, तेही विचारलंय.

मी गेली २२ वर्षं लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करतेय, सुरुवातीला सरकारी रुग्णालयात आणि आता नाशिकला स्वतःचं छोटं सेंटर आहे, दिवसातला निम्मा वेळ मी सतरंजीवरच बसलेली असते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय कुठली खेळणी आणू, पण खेळणी तुमच्याकडे भरपूर आहेत. अडचण अशी दिसतेय की तो जे करतोय ते तुम्हाला खेळ वाटत नाहीये. खेळ म्हणजे ठोकळ्यावर ठोकळा ठेवणं, रिंगा ओळीने घालणं असं डोक्यात आहे, आणि तो ते करत नाही म्हटल्यावर एकतर त्याचं काहीतरी चुकतंय नाहीतर माझं, असं तुम्ही धरून चाललाय. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तरी दोघांचंही चुकत नाहीये. जेवढं लिहिलंय त्यावरून, हे मुद्दाम म्हणतेय, कारण काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तो दिवस भरून जन्मला की आधी? ८ आठवडे आधी जन्मला असेल तर आज तो विकासाच्या हिशोबाने ८ महिन्यांचा धरायचा, साधारण २ वर्षांचा होईपर्यंत असाच हिशोब करतात. जन्मानंतर काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं का, कावीळ फार वाढली होती का, कानाची तपासणी झाली का, यावरही बरंच अवलंबून असतं. आणि स्वभाव असतो. काही मुलं नवी वस्तू दिसली की झडप घालतात, काही आधी पाच मिनिटं नुसती बघत बसतात, मग हात लावतात. दोन्ही ठीक.

आता फेकण्याबद्दल. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळहातावर बोट टेकवलं की ते मूठ आवळतं, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलेलं असतं. म्हणजे धरणं घेऊनच मूल येतं, सोडणं मात्र त्याला शिकावं लागतं. सहा-सात महिन्यांचं बाळ हातातली वस्तू सोडत नाही, ती सुटते, दुसरी वस्तू दिसली की पहिलीचा हात विसरतो एवढंच. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास पहिल्यांदा त्याला मनात येईल तेव्हा मूठ उघडता यायला लागते. तुमच्या मुलाचा हात आज जवळून बघा. तो चमचा सोडतो तेव्हा पाचही बोटं एकदम फाकतात, अगदी ताणून, आणि बहुतेकदा खांद्यापासून झटकाही बसतो. म्हणून वस्तू खाली पडत नाही, उडते. आपल्याला वाटतं फेकली. हळूहळू तो वस्तू कशाच्या तरी काठाला टेकवून सोडायला लागेल, मग वर्षाच्या आसपास वाटीत अलगद टाकेल, आणि सव्वा वर्षाच्या पुढेमागे एका ठोकळ्यावर दुसरा ठेवून हात न थरथरता मागे घेईल. ठोकळा ठेवण्यापेक्षा तो हात मागे घेणं जास्त कठीण असतं! दीड वर्षाला तीन-चार ठोकळे, दोनला सहाच्या आसपास. म्हणजे मनोरा अजून बराच लांब आहे आणि त्याच्याकडे जायचा रस्ता या फेकाफेकीतूनच जातो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. वस्तू सोडल्यावर तो कुठे बघतो? माझ्या अनुभवात यात तीन प्रकार असतात. एक, वस्तू सोडली की मान वाकवून तिच्या मागे बघतो. हे त्याचं वस्तूवरचं काम चाललंय, चमचा पडला की ठण्ण होतं, रुमाल पडला की काहीच होत नाही, चेंडू पडला की पळतो, आणि मुख्य म्हणजे दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच हे त्याला नुकतं कळायला लागलंय. जाँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी स्वतःच्याच तीन मुलांवर अशी बारीक निरीक्षणं करून ठेवली, खेळणं कापडाखाली लपवलं तर साधारण आठ महिन्यांच्या आधीचं मूल ते शोधतच नाही, जणू ते संपलंच. दोन, वस्तू सोडतो आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतो. आता प्रयोग चमच्यावर नाही, तुमच्यावर चाललाय, आई काय करते, उचलते का, "अरेरे" म्हणते का. तीन, कुठेच बघत नाही, नुसता हात मारून लोटून देतो, जास्त करून खुर्चीत जेवताना. तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं किंवा झोप आलेली असते, त्याला तिथून उचलायचं. एकच कृती, पण आपण करायचं काय ते तिन्ही वेळा वेगळं, म्हणून नुसतं "फेकतो" म्हणून सोडून देऊ नका.

मलाही हे नोकरीत नाही, घरी कळलं. माझी मुलगी ११ महिन्यांची असताना मी तिला तो आकारांचा डबा आणला होता, गोल भोकात गोल, चौकोनी भोकात चौकोन. माझंच शिक्षण त्यातलं, त्यामुळे मी तिचा हात धरून भोकापाशी नेत होते, ती हात ओढून घेत होती, मी परत नेत होते. शेवटी ती इतकी रडली की उलटी झाली. सासूबाईंनी काही न बोलता दळणाचा रिकामा डबा तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या हातातल्या चार पितळी बांगड्या काढून दिल्या. पुढचा अर्धा तास ती बांगड्या डब्यात टाकत होती, हात घालून काढत होती, परत टाकत होती. पत्र्याचा तो खण्णकन आवाज आला की दर वेळी थबकायची. सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या, डब्याकडे बघत होत्या आणि आवाज झाला की "पडली!" एवढंच म्हणत होत्या. त्या दिवसानंतर मी सेंटरमध्येही मुलांचे हात धरणं जवळजवळ सोडून दिलं.

तर तुमच्या घरातली खेळणी अशी: स्टीलच्या दोन वेगळ्या आकाराच्या वाट्या, लाकडी पळी, गाळणी, रिकामा डबा आणि त्याचं झाकण, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, सुती ओढणी, धातूच्या बांगड्या (काचेच्या अजिबात नको). एका टोपलीत पाच-सहाच ठेवा, दोन-तीन दिवसांनी बदला. बाकीची खेळणी कपाटात टाका, महिन्याभराने काढलीत की नवीनच वाटतील. घरातल्या आणि आवारातल्या वस्तूंनी मुलं शिकतात हे आपल्याकडे नवीन नाहीये, बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ पासून कोसबादला, तिथे आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी शिंपले, बिया, खडे, पानं हेच शिक्षणाचं साहित्य होतं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच. फक्त ती मुलं मोठी होती. तुमचा १० महिन्यांचा आहे, त्याच्या हाती बिया, खडे नकोत, सगळं तोंडात जाणार. आता त्याची चिमूट तयार होतेय, अंगठा आणि पहिलं बोट, त्यामुळे जमिनीवरचा एक दाणासुद्धा तो तुमच्याआधी शोधेल. शेंगदाणे, चणे, मणी, आणि सगळ्यात घातक म्हणजे रिमोटमधला तो चपटा गोल सेल, अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती आतून भाजू शकते. तसा गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. पहिल्या संक्रांतीला बोरनहाण घालाल तेव्हाही हेच, बोरं, हलवा, चुरमुरे डोक्यावरून ओतून झाले की आधी त्याला उचलायचं, मग फोटो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, मी काय करायचं. बसायचं त्याच्यासमोर, शेजारी नाही, तोंडं एकमेकांना दिसतील असं. आधी मिनिटभर नुसतं बघायचं. मग तो करतोय तेच आपण करायचं, त्याने वाटी आपटली की आपणही एक वाटी आपटायची. आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं आया-बाबांना. बाळाला विचार करायला, हात पुढे न्यायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि आपण दोन सेकंदात "अरे हे बघ, अरे ते बघ" सुरू करतो. मी मनात दहा आकडे मोजायला सांगते. साताला-आठाला काहीतरी येतंच, एक हुंकार, वाटीची एक ठोक, नाहीतर नुसतं वर बघणं. ती त्याची पाळी झाली, आता तुमची. बोलणं म्हणजे हीच देवाणघेवाण असते, शब्द नंतर येऊन तिच्यात बसतात.

आपल्या आज्यांचे खेळ याच थांबण्यावर उभे आहेत. तो तळहातावर बोट टेकवून मोराला चारा घालायचा खेळ घ्या. सिन्नरकडच्या एक आजी नातवाला घेऊन यायच्या, ११ महिन्यांचा असेल. त्या सगळं म्हणत बोटं वरवर चालवत कोपरापर्यंत यायच्या आणि तिथे एकदम गप्प. श्वाससुद्धा रोखून धरायच्या. आणि तो मुलगा, अजून कुणी हात लावलेला नसताना, खांदे कानापर्यंत उचलायचा, काख घट्ट आवळायचा आणि आजीच्या ओठांकडे बघत राहायचा. मग भुर्र. पुढे काय येणार हे त्याला माहीत होतं, ते यायची तो वाट बघत होता आणि ते आजीकडून येणार हेही त्याला कळत होतं. स्मृती, अंदाज आणि दुसऱ्या माणसाकडे लक्ष, तिन्ही त्या एका गप्प क्षणात दिसतात. मी त्या आजींना सांगितलं, आता भुर्र म्हणूच नका, बघू काय करतो. त्याने आजीचं बोट धरलं आणि स्वतःच काखेपर्यंत ओढून नेलं! माझ्या दृष्टीने ते त्याचं पहिलं वाक्य होतं.

ओढणीखाली तोंड लपवून कुक करणं, चेंडू घरंगळत देणं आणि परत मागणं, झाकणाखाली वाटी लपवणं, सगळीकडे हाच नियम, गंमत येण्याच्या आधी थांबा. आणि त्याने तोंड फिरवलं, डोळे चोळले, पाठ ताणली की त्याचं पुरे झालं. ती त्याला लागलेली विश्रांती आहे, नापसंती नाही, तेव्हा नवीन खेळणं पुढे करायचं नाही. थोड्या वेळाने तोच परत बघेल.

फोनबद्दल लिहिताना मला तुम्हाला टोचायचं नाहीये, काम करत मूल सांभाळणं काय असतं ते मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही २ वर्षांपर्यंत नको म्हणते, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. त्यामागचं कारण समजलं तर पाळणं सोपं जातं. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगळे ऐकू येतात. १९८४ सालचा एक गाजलेला अभ्यास तर आपल्याच त आणि ट वर होता, कॅनडातल्या इंग्रजी घरांमधल्या लहान बाळांना हिंदीतला तो फरक कळत होता आणि १०-१२ महिन्यांपर्यंत तो कळणं जवळजवळ बंद झालं, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. पुढे २००३ साली अमेरिकेत ९ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बसून खेळली, तेव्हा ती बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं, तेवढाच वेळ, पण टीव्हीवर दाखवली तेव्हा ती बघणारी दुसरी बाळं काहीच शिकली नाहीत. पडद्यातला माणूस बाळाच्या हुंकारावर थांबत नाही ना, पाळी देत नाही. म्हणून ए फॉर ॲपलच्या व्हिडिओचं जे विचारलंय त्याचं उत्तर नाही असंच आहे, सासूबाईंनी भाजी निवडताना त्याच्याशी केलेल्या मराठीतल्या गप्पा हजारपट बऱ्या.

आणि त्या रात्रीच्या वाईट वाटण्याचं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९७८ सालचा एक प्रयोग आहे, त्यात आई बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवते. बाळ आधी हसतं, हातवारे करतं, आईला परत खेचून आणायचा प्रयत्न करतं आणि मग तोंड वळवतं. याचा व्हिडिओ बघून बऱ्याच आया घाबरून माझ्याकडे येतात, की मी कॉलवर असते तेव्हा असंच होत असणार. पण याच ट्रॉनिकनी पुढे दाखवलं की अगदी छान जमलेल्या आई-बाळाचंही बराचसा वेळ एकमेकांशी जुळलेलं नसतं, निसटतं आणि परत जुळतं, आणि ते परत जुळणंच बाळाला घडवतं. कॉल संपला की फोन उलटा ठेवून त्याच्याकडे वळा, झालं.

वॉकरचं थोडक्यात सांगते, आणू नका. कॅनडाने तर २००४ साली बसायच्या वॉकरवर बंदीच घातली, जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे. त्यात बसून मूल बोटांवर ढकलायला शिकतं, रांगणं आणि धरून उठणं मागे पडू शकतं. सासूबाईंना सांगा, त्यापेक्षा जुना लाकडी पांगुळगाडा आणू, पण तो स्वतःहून धरून उभा राहायला लागल्यावर, आणि पकडायला माणूस मागे हवा. जावेच्या मुलीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत मुलांच्या हालचालींचा अभ्यास केला, त्यात आपली दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय चालणं सव्वाआठ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही आलेलं दिसलं, आणि ती सगळी निरोगी मुलं होती. एका सोसायटीतली दोन मुलं त्या नऊ महिन्यांत कुठेही असू शकतात.

काही गोष्टींसाठी मात्र वाट बघत बसू नका. नाव घेतल्यावर कधीच वळत नाही, बा-बा दा-दा असे आवाज काढतच नाही, तुमच्या डोळ्यांत बघत नाही, एकच हात वापरतो आणि दुसरा मुठीत आवळलेला असतो, नवव्या-दहाव्या महिन्यातही आधाराशिवाय बसत नाही, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, यातलं एकही असेल तर डॉक्टरांना दाखवा. वर्षाचा होऊन गेला आणि बोट दाखवून काही मागत-दाखवत नाही, तर तेव्हाही. खाजगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून विभाग असतो, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारा, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे तपासणी आणि थेरपी मोफत होते. लवकर आलेल्या मुलांचं काम खरंच सोपं जातं, "मुलगे उशिराच बोलतात" ऐकून दोन-तीन वर्षं घालवून आलेली मुलं बघितली की मला फार हळहळ वाटते.

राहिलं ते १० मिनिटांचं. या वयाच्या मुलासाठी १० मिनिटं पूर्ण लक्ष देऊन खेळणं चिक्कार झालं, दिवसातून दोन-तीनदा जमलं तरी उत्तम. बाकीचा खेळ कामातच होतो, मालिश करताना पाय धरून सायकल, आंघोळीला मगातलं पाणी बादलीत ओतणं, कपड्यांच्या घड्या घालताना टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकून "कुठे गेला?" विचारणं. त्याने टॉवेल ओढून काढेपर्यंत तुम्ही काढू नका.

उद्या सकाळी त्याला चमचा द्या आणि पडला की लगेच उचलू नका, आधी त्याचे डोळे बघा, चमच्याकडे जातात, तुमच्याकडे येतात की कुठेच नाही. दोन-तीन दिवस बघून इथेच लिहा, आणि दिवस भरून जन्मला होता का तेही सांगा, मग पुढचं नेमकं सांगता येईल.